यात्रा मंडळांनो, या वर्षी आचारी घरी ठेवा

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली गावोगावची यात्रा मंडळं, भजनी मंडळं आणि यात्रेची भिशी चालवणारे बचत गट

राम कृष्ण हरी.

कार्तिकी उरकली की गावागावांत यात्रेच्या बैठका सुरू होतात. ऊस कारखान्याला जायला लागलेला असतो, ज्वारी उभी असते, जाणत्या माणसांना थोडी उसंत असते. द्राक्षवाल्यांची पाळी नंतर येते, माल गेल्यावर, मार्चच्या आसपास. या बैठकांमध्ये गाडी ठरते, माणशी वर्गणी ठरते आणि एका कागदावर देवस्थानांची नावं लिहिली जातात. आमचं म्हणणं त्या कागदाबद्दल आहे. तो छापखान्यात जाण्याआधी तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहोत.

कागदावर बारा दिवसांत पंचवीस ठिकाणं असतात. तिरुपती, कांचीपुरम, रामेश्वर, कन्याकुमारी, परतीला म्हैसूर, आणि वाटेत जे सापडेल ते. सांगलीहून रामेश्वर बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे. चहापाणी आणि लघवीचे थांबे धरले तर पंचेचाळीस माणसांची गाडी ताशी सरासरी पंचेचाळीस किलोमीटर पडते. म्हणजे तीनशे किलोमीटरला सात तास हवेत. कायद्याने चालकाचं काम दिवसाला आठ तासांचं. त्यामुळे पंचवीस ठिकाणं करायची तर रात्रीचा प्रवास आलाच. मग पहाटे उतरायचं, सामायिक न्हाणीघरात रांग लावायची, दर्शनाच्या रांगेत दोन-तीन तास उभं राहायचं, आणि पुन्हा गाडीत झोपायचं. चौथ्या दिवशी म्हाताऱ्या माणसांच्या पायांना सूज येते. ती देवामुळे येत नाही, बसून बसून येते. सहाव्या दिवशी कुठलं देऊळ कुठल्या गावात होतं हे कुणाला सांगता येत नाही.

शारीरिक हाल सोसायला आपली माणसं तयार असतात, तो आमचा मुख्य मुद्दा नाही. अशा यात्रेतून माणूस कुणालाच न भेटता परत येतो, हे आम्हाला जास्त लागतं. गाडी तळावर थांबते तेव्हा तिच्याकडे धावत येणारी माणसं गाडीचीच वाट बघत असतात. रिक्षावाला, खोलीचा दलाल, ‘लवकर दर्शन’ करून देतो म्हणणारा, चपला सांभाळणारा, शंख-शिंपले विकणारा. तीन तासांच्या मुक्कामात त्या गावातलं दुसरं कुणी भेटणं शक्यच नसतं. मग घरी येऊन आपण म्हणतो, तिकडची माणसं लुबाडतात बघा. पंढरपुरात एसटी स्टँड ते दर्शनबारी एवढंच पाहिलेल्या तमिळ माणसाने आपल्याबद्दल असंच मत करून घेतलं, तर ते आपल्याला चालेल का? घाईच्या यात्रेने मन मोठं होत नाही. उलट जुने समज पक्के होतात, आणि त्यांना ‘मी स्वतः पाहिलंय’ अशी साक्ष मिळते.

याच घाईत एक ढोबळ चूक दरवर्षी होते. आपल्याकडची देवळं बहुतेक दिवसभर उघडी असतात. दक्षिणेत तसं नाही. बहुतेक मोठी मंदिरंसुद्धा साधारण साडेबारा-एकला बंद होतात आणि चारच्या सुमाराला उघडतात. गाडी दीडला पोचते, दार बंद दिसतं, माणसं वैतागतात, आणि पुढचं ठिकाण चुकू नये म्हणून बाहेरूनच हात जोडून निघतात. कागद तयार करताना प्रत्येक ठिकाणापुढे उघडण्याच्या वेळा लिहा, आणि पोचण्याची वेळ सकाळी सातच्या आत किंवा दुपारी साडेतीननंतरची धरा. मधले तास मोकळे राहतात. राहू द्या. त्या वेळात गावात फिरता येतं, बाजार बघता येतो, ओसरीवर बसलेल्या आजीशी हातवाऱ्यांनी बोलता येतं.

आता गाडीतून शिध्यासकट सोबत नेतो त्या आचाऱ्याबद्दल. हे वाचून काही जण रागावतील, पण यात्रा बदलायची असेल तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

पंचेचाळीस माणसं, दोन वेळचं जेवण, दहा दिवस. माणशी एका वेळेला शंभर ग्रॅम तांदूळ धरला तर नव्वद किलो होतो. दीडशे ग्रॅम पीठ धरलं तर एकशे पस्तीस किलो. डाळ छत्तीस किलो, तेल अठरा लिटर. पोहे, रवा, साखर, मसाले मिळवले की शिधा तीनशे किलोच्या वर जातो. पातेली, शेगड्या आणि सिलिंडर वेगळे. हे सगळं गाडीच्या पोटात, माणसांच्या पिशव्यांशेजारी आणि इंजिनच्या उष्णतेजवळ. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई इथे उभ्या असलेल्या यात्रेच्या रेल्वे डब्याला आग लागून यात्रेकरूंचे जीव गेले. त्या डब्यात नियम मोडून गॅसचा सिलिंडर नेलेला होता. बसच्या पोटातला सिलिंडर त्याहून सुरक्षित असतो असं समजायला काही आधार नाही.

वेळेचा हिशेब तर आणखी वाईट. एका जेवणाला जागा शोधणं, पाणी भरणं, रांधणं, वाढणं, भांडी घासणं आणि पुन्हा बांधणं यांत चार तास जातात. दोन जेवणांचे आठ. जागेपणाच्या सोळा तासांपैकी निम्मे तास आपण परमुलखात आपलीच आमटी शिजवण्यात घालवतो. आणि ती खातो कुठे? गाडीच्या आडोशाला, गोल करून, पाठ गावाकडे करून.

तीर्थक्षेत्रांत जेवणालाच दर्शनाची योग्यता आहे. जगन्नाथपुरीला मातीच्या हंड्या एकीवर एक रचून लाकडाच्या जाळावर महाप्रसाद शिजतो आणि मंदिराच्या आवारातल्या आनंदबाजारात मिळतो. तिथे खाली बसून खायचं असतं, शेजारी कोण बसलाय हे विचारायची पद्धत नाही. अमृतसरला लंगरमध्ये डोकं झाकून पंगतीत बसायचं, रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, ताटात काही टाकायचं नाही. जेवण झाल्यावर भांडी घासायला किंवा जोडे सांभाळायला उभं राहिलं तर कुणी अडवत नाही. मंडळाने तिथे एक अख्खी दुपार सेवेसाठी ठेवावी, ही आमची आग्रहाची विनंती. कर्नाटकात लिंगायत मठांमधून दासोहाची, म्हणजे येईल त्याला जेवू घालण्याची, परंपरा आहे. धर्मस्थळाला तर रोज हजारोंच्या पंगती उठतात. देव मंजुनाथ, म्हणजे शिव. पूजा करणारे माध्व वैष्णव. आणि देवस्थानाचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या पाहणारे हेग्गडे घराणं जैन. आपल्याकडे धर्माच्या नावावर भांडणारा माणूस त्या पंगतीत अर्धा तास बसला आणि ही व्यवस्था त्याला कुणी नीट समजावून सांगितली, तर तो काहीतरी घेऊन उठेल. पण आपली गाडी तिथे पोचते, दर्शन घेते आणि आचाऱ्याने तळावर केलेल्या भात-आमटीसाठी परत फिरते.

म्हणून आमची सूचना अशी. सगळं बाहेर खा असं आम्ही म्हणत नाही. सकाळचा चहा आणि कोरडा फराळ स्वतःचा ठेवा. भडंग, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, लाडू एवढ्याने भागतं. एक जेवण त्या क्षेत्राच्या अन्नछत्रात, दुसरं गावातल्या साध्या खाणावळीत. भडंग थोडी जास्तच घ्या, साताऱ्याकडची मंडळी कंदी पेढे घेतील, सांगलीवाल्यांनी हळदीच्या पुड्या घ्याव्यात. ज्याने वाट दाखवली, ज्या माउलीने पाणी दिलं, तिच्या हातावर काहीतरी ठेवता आलं पाहिजे. नुसतं घेत फिरणारा माणूस संकोचतो आणि मग पैसे पुढे करतो, त्याने संबंध तिथेच संपतो.

पोटाचं काय, असं सगळे विचारतात. पोट बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्याने आणि न धुतलेल्या हातांनी, तिकडच्या चिंचेने किंवा खोबऱ्याने नव्हे. उकळलेलं किंवा सीलबंद पाणीच प्यायचं, बर्फ आणि कापून ठेवलेली फळं टाळायची, जेवणाआधी साबण फिरवायला एक माणूस नेमायचा. जुलाब लागलेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजत राहायचं, आणि रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर थेट दवाखाना. मधुमेहवाल्यांना अन्नछत्राच्या रांगेत उशीर झालेला चालत नाही. त्यांच्या खिशात केळं किंवा बिस्किटं असू द्या, आणि ज्याची साखर उतरते त्याच्याजवळ ग्लुकोज किंवा गूळ असलाच पाहिजे. औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा. सगळी गोळ्यांची पिशवी गाडीच्या पोटात आणि माणूस रांगेत, हा प्रकार फार वेळा घडतो.

निघण्याआधी देवळात चार संध्याकाळ बसा. भजन झाल्यावर तासभर पुरे. पहिल्या दिवशी आपल्याच वारीबद्दल बोला. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते साताऱ्याजवळच्या आरफळच्या हैबतबाबांनी, आणि त्या सोहळ्यातले अश्व दरवर्षी येतात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून, सांगली-सातारा ओलांडून आळंदीपर्यंत. ज्या विठ्ठलाला आपले संत कानडा म्हणतात, त्याच्या नावाने कन्नडमध्ये पुरंदरदासांनी पदं रचली. नामदेवरायांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. हे माहीत असलेला माणूस अमृतसरला पाहुण्यासारखा जात नाही, नात्याने जातो.

दुसऱ्या दिवशी घराजवळचं बघा. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीला, मान आहे, आणि उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे गाण्याची हजेरी लागते. सांगली-मिरज परिसरात जैन बस्त्या, म्हणजे जैन मंदिरं, आहेत. कडेगावच्या मोहरमच्या उंच ताबुतांना हिंदू घरांचा हात लागतो. हजार किलोमीटरवरच्या देवळात जायला निघालेल्या मंडळाने आधी आपल्या जिल्ह्यातल्या या जागांची ओळख करून घ्यावी. डोकं झाकायला रुमाल, पाय धुऊन आत, फोटो विचारल्याशिवाय नाही, एवढी रीत पाळली की झालं.

तिसरी संध्याकाळ पोशाख आणि शब्दांची. धर्मस्थळासारख्या ठिकाणी पुरुषांना सदरा-बनियन काढून आत जावं लागतं. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पँट चालत नाही. प्रत्येक पुरुषाच्या पिशवीत एक धोतर किंवा पंचा आणि एक उपरणं हवं, म्हणजे दारात भाड्याने घ्यायची आणि चिडायची वेळ येत नाही. रामेश्वरला बावीस तीर्थांचं स्नान झालं की ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाता येत नाही, म्हणून कोरडा जोड खांद्यावरच्या पिशवीत असावा, गाडीत नव्हे. श्रवणबेळगोळला साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या अनवाणी चढायच्या असतात. उन्हात दगड भाजतो, तेव्हा सकाळी आठच्या आत चढा. आणि वर गेल्यावर ५७ फुटी बाहुबलीच्या चेहऱ्याकडे बघून झालं की पायाशीही बघा. ‘श्री चावुंडराजें करवियलें’ ही मराठीतली ओळ तिथे कोरलेली आहे, शेजारी कन्नड आणि तमिळ. कुणी सांगितलं नाही तर आपली माणसं ती न वाचता उतरतात.

शब्द वीस पुरतात. कन्नडमध्ये नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, एल्लि म्हणजे कुठे, एष्टु म्हणजे किती. पंगतीत ‘साकु’ म्हणजे पुरे, हे आधी शिका, नाहीतर वाढप थांबत नाही. बायकांना अक्का म्हणा, ते तर आपल्याकडेही आहे. चौथी संध्याकाळ शंकांसाठी मोकळी ठेवा.

पहिल्यांदाच असं करून बघणाऱ्या मंडळाने रामेश्वर धरू नये. आम्ही पाच दिवसांचा जवळचा मार्ग सुचवतो. पहिला मुक्काम जत तालुक्यातल्या गुड्डापूरला, दानम्मादेवीकडे. बाराव्या शतकातली ही शरणी, म्हणजे बसवेश्वरांच्या पंथातली शिवभक्त, जतजवळच्या उमराणीची. आपल्या जिल्ह्यातल्या या देवीकडे कन्नड भाविकांची रीघ लागते, आणि आपल्यातले कित्येक जण तिथे कधी गेलेले नसतात. दुसऱ्या दिवशी विजापूरवरून कूडलसंगम. महाबळेश्वरला उगम पावून वाई, कराड, औदुंबर करत सांगलीला येणारी आपली कृष्णा इथे मलप्रभेला भेटते, आणि इथे बसवेश्वरांचं ऐक्यस्थान, म्हणजे समाधी, आहे. धरणाचं पाणी चढल्यावर ते भिंत बांधून राखलंय, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. गुडघेवाल्यांना आधार द्यायला दोन तरुण ठेवा. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वर आहे. तिथे नेमाने जाणाऱ्या माणसाला कूडलसंगमचा संगमनाथ परका वाटणार नाही. संध्याकाळी घाटावर हरिपाठ म्हणा. ऐकायला माणसं जमतात, मग त्यांना बसवेश्वरांची कन्नड वचनं म्हणायची विनंती करा.

तिसरा दिवस बदामीजवळच्या बनशंकरीचा. कितीतरी मराठी घरांची ही कुलदेवता. देवळासमोरच्या तळ्यापाशी गावातल्या बायका बुट्ट्यांमधून ज्वारीची भाकरी, भाजी, चटणी, दही घेऊन बसतात आणि यात्रेकरूंना जेवू घालतात. आपल्या जत-आटपाडीच्या घरातलीच भाकरी, थोडी पातळ आणि कडक. जेवण तिथेच करा. पंचेचाळीस जणांनी एकीपाशीच गर्दी करू नका, चार-पाच जणींमध्ये वाटून बसा, पैसे आधी ठरवा. चौथा दिवस सौंदत्तीच्या रेणुका यल्लम्माचा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळून दिवस धरा. पाचव्या दिवशी बेळगाववरून घरी. सांगलीकडून निघालेल्या गाडीचा प्रवास कुठल्याही दिवशी पाच तासांच्या फारसा वर जात नाही, आणि चार रात्री माणसं आडवी झोपतात.

मुख्य जत्रेच्या दिवशीच गेलं पाहिजे हा हट्ट वृद्धांच्या गाडीने करू नये. वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी अरुंद, निसरड्या वाटेवरच्या चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली. ते आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या घराघरांचं दुःख आहे. देव जत्रेच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवसही तिथेच असतो, आणि तेव्हा पुजाऱ्याला बोलायला वेळ असतो.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. गावच्या गाडीत मुसलमान किंवा ख्रिस्ती शेजारी असतील, तर पुरीसारख्या काही मंदिरांत त्यांना आत सोडत नाहीत. दारात गेल्यावर कळलं तर माणूस कायमचा दुखावतो. आधी सांगा, आणि तो वेळ त्यांच्यासोबत बाहेर कोण थांबणार हे आपसांत ठरवा. ही पाळी सगळ्यांनी वाटून घ्यावी. उडुपीच्या कृष्णमंदिराला कनकाची खिडकी आहे. कन्नड संतकवी कनकदास कुरुब, म्हणजे आपल्या धनगर बांधवांच्या नात्यातले. त्यांना आत घेतलं नाही तेव्हा कृष्णमूर्ती त्यांच्याकडे वळली, अशी तिथली श्रद्धा आहे. आरेवाडीच्या बिरोबाला जाणाऱ्या आपल्या माणसांनी त्या खिडकीसमोर घटकाभर बसावं. देवळाच्या भिंतीबाहेर उभा असलेला भक्त कमी नसतो, हे तिथे वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्या भक्तीत सवयीचा भाग किती आणि भावाचा किती, हेही परक्या भाषेतली आरती ऐकताना कळतं. शब्द समजत नाहीत, घंटेची लय वेगळी असते, तरी हात जुळतात. त्या जुळलेल्या हातांवरचा विश्वास घेऊन माणूस आपल्या देवळात परततो, तेव्हा त्याची काकड आरती आधीपेक्षा खोल जाते. आम्ही हे सगळं सुचवतो ते यासाठी.

शेवटची मागणी घरी राहणाऱ्यांकडे. कार्तिक अमावास्येच्या सुमाराला गुड्डापूरला कर्नाटकातून माणसं चालत येतात. जत तालुक्यातल्या रस्त्याकडेच्या गावांनी त्यांच्यासाठी पाण्याचे पिंप भरावेत, बायकांसाठी शाळेची किंवा ग्रामपंचायतीची स्वच्छतागृहं रात्री उघडी ठेवावीत, दिवा लावावा, आणि ‘पाणी’, ‘मुक्काम’, ‘दवाखाना’ हे फलक मराठीखाली कन्नडमध्येही लिहावेत. गावात कन्नड लिहिणारं कुणीतरी असतंच. पिंपाला झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं हवं, म्हणजे हात बुडत नाहीत. फलक अमावास्येच्या चार दिवस आधी लागले पाहिजेत, कारण लांबून चालणारे तेव्हाच रस्त्याला लागलेले असतात.

आपले,
यात्रेचं नियोजन, वाढप आणि वाटाड्याचं काम करणारे काही कार्यकर्ते,
मिरज